आंतरराष्ट्रीय कृषिसंशोधनाच्या निधीला लोकांचा पाठिंबा : मराठवाडा

भूक कमी व्हावी म्हणून देशांच्या सीमा ओलांडून चालणाऱ्या शेतीसंशोधनावर सार्वजनिक पैसा खर्च होण्यास करदाते, शेतकरी आणि लोकप्रतिनिधी यांची असलेली संमती. पैसा देणाऱ्या देशांत ही संमती मतचाचण्यांतून आणि अर्थसंकल्पातून कळते. मराठवाड्यात ती ओळखायची तर बियाण्याच्या रांगेकडे आणि दुष्काळाच्या आठवणींकडे पाहावे लागते, कारण अशा निधीच्या बाजूने इथे कधी मोर्चा निघत नाही.

या संशोधनाची घडी १९६० नंतर बसली. फिलिपाइन्समध्ये भातासाठी १९६० साली, मेक्सिकोत गहू आणि मक्यासाठी १९६६ साली केंद्र उभे राहिले, आणि १९७१ मध्ये अशा केंद्रांना एका छत्राखाली आणणारा ‘सीजीआयएआर’ हा गट स्थापन झाला. पुढच्याच वर्षी हैदराबादजवळ पाटणचेरूला ‘इक्रिसॅट’ ही कोरडवाहू पिकांची संस्था आली. ज्वारी, बाजरी, तूर, हरभरा, भुईमूग ही तिची पिके. मराठवाड्यातल्या पारंपरिक शिवाराची यादी याहून फारशी वेगळी नाही. उमरग्याहून हैदराबादला जाणारी गाडी पाटणचेरूवरूनच जाते. या केंद्रांचा खर्च देणगीदार सरकारे, जागतिक बँक आणि खासगी प्रतिष्ठाने उचलतात. भारत सरकारही वाटा देते. गेल्या अर्धशतकातल्या खर्चाचा परतावा अर्थशास्त्रज्ञांनी सुमारे दहापट काढला आहे. तो मिळायला मात्र पंधरा-वीस वर्षे थांबावे लागते, आणि निवडणुका पाच वर्षांनी येतात.

मराठवाड्यापुरते १९७२ हे साल दोन अर्थांनी महत्त्वाचे. त्या वर्षी दुष्काळ पडला. लोक खडी फोडायला गेले, कामावर सुकडी (पिठाचा कोरडा खाऊ) मिळाली, रेशनवर परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी मिळाली. मिलोची भाकर घशाखाली उतरत नव्हती, हे त्या पिढीतली माणसे अजून सांगतात. त्याच वर्षी १८ मे रोजी परभणीला मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झाले (२०१३ पासून वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ). दुष्काळातून रोजगार हमी योजना आली आणि तिच्या खर्चासाठी १९७५ पासून व्यवसाय कर लागू झाला. मुंबई-पुण्याच्या नोकरदाराच्या पगारातून कापलेला पैसा बीड-उस्मानाबादच्या मजुराला मिळू लागला. दूरच्या भुकेसाठी कर भरायला लोक तयार होतात का, या प्रश्नावर महाराष्ट्राने दिलेले हे उत्तर आहे. नोकरदारांनी तो कर हौसेने भरला असे नव्हे, पण त्याविरुद्ध बंडही केले नाही.

संशोधनाचा लाभ शेतापर्यंत कसा पोचतो, हे तुरीच्या वांझ रोगावरून चांगले समजते. रोगट झाड मरत नाही. पाने बारीक, फिकी, पिवळट-हिरव्या ठिपक्यांची होतात, झाड झुडपासारखे फुटते आणि फुलावर येतच नाही. हंगामाच्या शेवटी हिरवेगार उभे असते, पण शेंग नाही. या रोगाची पहिली नोंद १९३१ साली बिहारात पुसा येथे झाली. नुसत्या डोळ्यांना न दिसणारा कोळी (माइट) हा सूक्ष्म जीव तो पसरवतो हे पुढे समजले. पण मुळाशी कोणता विषाणू आहे याचा छडा लागायला २००० साल उजाडले. तो लावला इक्रिसॅट आणि स्कॉटलंडमधल्या पीकसंशोधन संस्थेने, ब्रिटिश सरकारच्या मदतनिधीतून. तूर न पिकवणाऱ्या देशाच्या करदात्याने जालन्याच्या तुरीच्या रोगासाठी पैसे मोजले, असा त्याचा सरळ हिशेब.

जालना जिल्ह्यातल्या बदनापूरच्या संशोधन केंद्राचे काम त्याआधीपासून चालू होते. तिथल्या ‘बीएसएमआर ७३६’ या वाणाच्या नावातच वांझ रोगाला प्रतिकार दडलेला आहे (‘एसएमआर’ म्हणजे ‘स्टरिलिटी मोझॅक रेझिस्टंट’, वांझ रोगाला प्रतिकारक), आणि त्याच्या वंशावळीत पाटणचेरूच्या संग्रहातले ‘आयसीपी’ क्रमांकाचे बियाणे आहे. पांढऱ्या दाण्याचा, लवकर येणारा ‘बीडीएन ७११’ हा नंतरचा. शेतकरी या वाणांना ‘बदनापूरची तूर’ म्हणतो, आणि त्यात त्याचे काही चुकत नाही. शेवटची निवड, चाचण्या, बीजोत्पादन बदनापूरनेच केले. पण आंतरराष्ट्रीय केंद्राचे, दात्याचे नाव पिशवीवर येत नाही. संशोधन जितके स्थानिक होऊन मुरते, तितका त्याच्या निधीचा पाठीराखा कमी होतो. या विषयातली खरी अडचण हीच आहे, आणि ती प्रचाराने सुटण्यासारखी वाटत नाही.

‘परभणी शक्ती’ हा अपवाद म्हणता येईल. विद्यापीठ आणि इक्रिसॅट यांनी मिळून २०१८ मध्ये दिलेला हा ज्वारीचा देशातला पहिला जैवसंपृक्त, म्हणजे दाण्यातच पोषकद्रव्ये वाढवलेला, वाण. किलोमागे लोह सुमारे ४५ मिलिग्रॅम आणि जस्त ३२ मिलिग्रॅम. नेहमीच्या वाणांत हे आकडे ३० आणि २० च्या आसपास असतात. पोट भरूनही रक्त कमी असलेल्या बाईची भूक पोत्यांत मोजता येत नाही, तिच्यासाठी हे काम आहे.

दात्यांच्या देशांतले चित्र वेगळेच. कैसर फॅमिली फाउंडेशन या अमेरिकी संस्थेच्या पाहण्यांत अमेरिकी नागरिकांना विचारले, की सरकारी खर्चातला किती भाग परदेशी मदतीवर जातो. सरासरी उत्तर चतुर्थांशाच्या आसपास किंवा वर येत राहिले. प्रत्यक्षात तो साधारण एक टक्का होता, आणि शेतीसंशोधन त्यातलाही लहानसा तुकडा. भुकेल्यांना मदत करावी का, यावर लोक ‘हो’ म्हणतात; मदत कमी करावी का, यावरही बरेच जण ‘हो’ म्हणतात. २०२५ मध्ये अमेरिकेने ‘यूएसएड’ ही मदतसंस्था गुंडाळली, तेव्हा तिच्या पैशावर चालणारे अनेक शेतीसंशोधन कार्यक्रम अर्ध्यावर थांबले. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार २०२४ मध्ये जगात सुमारे ६७ कोटी माणसे भुकेली होती.

मराठवाड्यातून या निधीवर आक्षेपही घेतला जातो आणि तो झटकून टाकण्याजोगा नाही. शेतकरी संघटनेच्या काळापासून इथला कार्यकर्ता म्हणत आला, की पीक वाढवायचे नंतर बघू, आधी भाव द्या. २०१६-१७ च्या हंगामात पाऊस चांगला झाला, तूर उदंड पिकली. हमीभाव बोनससह क्विंटलला ५,०५० रुपये होता. बाजारात दर त्याखाली गेले, खरेदी केंद्रांपुढे ट्रॅक्टरच्या रांगा लागल्या आणि बारदाना संपला म्हणून मापे बंद पडली. ट्रॉलीत पोत्यांवर रात्र काढणाऱ्याला रोगप्रतिकारक वाणाचे कौतुक कसे सांगणार? तरी या आक्षेपाचा रोख बाजारधोरणाकडे आहे. वांझ रोगाने तूर गेलेल्या शेतकऱ्याला भाव दुप्पट झाला तरी विकायला काही उरत नाही.

उघड पाठिंब्याच्या सर्वांत जवळ जाणारी गोष्ट परभणीला वर्षातून दोनदा दिसते : १८ मेचा खरीप मेळावा आणि १७ सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनी, भरणारा रबी मेळावा. विद्यापीठाच्या बियाण्यासाठी शेतकरी पिशव्या घेऊन येतात आणि मागणी पुरवठ्याच्या पुढे जाते. ज्वारीची गोष्ट मात्र अवघड झाली आहे. खरिपातली तिची जागा सोयाबीनने घेतली, काढणीला मजूर मिळत नाहीत, कणसांवर पाखरे तुटून पडतात. बरेच शेतकरी आता ती घरच्या भाकरीपुरती आणि जनावरांच्या कडब्यासाठीच पेरतात.