उंच टाकीचा पैसा सेंटरिंगमध्ये का जातो?

पाण्याच्या उंच काँक्रीट टाकीचं अंदाजपत्रक हातात आलं की नजर आधी सिमेंट आणि सळईच्या दरावर जाते. पण खर्चाचा मोठा वाटा काम संपल्यावर जागेवर न उरणाऱ्या गोष्टींवर होतो: सेंटरिंग (ओलं काँक्रीट धरून ठेवणारा तात्पुरता साचा आणि त्याचे टेकू), परांची आणि ती उभारणाऱ्यांची मजुरी.

पूर्वी विटांच्या किंवा दगडी मनोऱ्यावर लोखंडी टाकी बसवत. फ्रान्समधले माळी जोसेफ मोनिए यांनी १८६७ मध्ये लोखंडी जाळी घातलेल्या सिमेंटच्या कुंड्यांचं पेटंट घेतलं आणि पुढे त्याच पद्धतीने पाण्याच्या टाक्याही बांधल्या. १८८०च्या दशकात जर्मन प्राध्यापक ऑटो इंट्झे यांनी लोखंडी टाक्यांसाठी नवा तळ सुचवला: मधे घुमट, भोवती शंकू. घुमट खालच्या रिंग बीमला, म्हणजे दोघांना धरणाऱ्या गोल तुळईला, बाहेर रेटतो, शंकू आत. दोन्ही जोर बरेचसे एकमेकांना मारतात. काँक्रीटमध्ये हा आकार चांगलाच रुळला. माल वाचला, पण सुताराचं काम वाढलं. घुमटाची गोलाई आणि शंकूचा उतार जुळवायचा, तोही जमिनीपासून पंधरा-वीस मीटरवर. माझ्या मते या कामातली खरी कारागिरी इथेच आहे आणि तिचं मोल बिलात नीट दिसत नाही.

एक घनमीटर पाणी म्हणजे एक टन. पाचशे घनमीटरची टाकी भरली की पाचशे टन वजन वर. त्याच्या दाबाने गोल भिंत ताणली जाते. काँक्रीट ताण सोसत नाही, म्हणून सळईची कडी भिंतभर, तळाकडे जास्त दाट. ओतकाम मधेच थांबलं आणि सांधा नीट साधला नाही, तर तिथूनच पाणी पाझरतं. म्हणून एका टप्प्याचं ओतकाम सलग उरकायचं, त्यासाठी माणसं जास्त लागली तरी चालेल.

सेंटरिंगचा हा खर्च टाळायला वेगवेगळ्या वाटा शोधल्या गेल्या. स्लिपफॉर्ममध्ये साचा जॅकवर इंचाइंचाने वर सरकतो. परांची कमी लागते, पण रात्रंदिवस पाळ्या लावाव्या लागतात. स्वीडनमधल्या ओरेब्रोच्या १९५८ सालच्या ‘स्वाम्पेन’ टाकीचं पात्र जमिनीवरच ओतून जॅकने वर चढवलं. एवढी यंत्रं आणि तयारी लहान टाकीला परवडत नाही, त्यामुळे तिथे आजही सेंटरिंगच होतं.