जिवंत स्वादुपिंडाच्या चकत्या हव्यात? एनपॉडकडे अर्ज असा करा

माणसाचं स्वादुपिंड उंदराच्या स्वादुपिंडासारखं वागत नाही, आणि टाइप १ मधुमेहाच्या संशोधनाचं घोडं बरीच वर्षं इथेच अडलं होतं. त्यावर २००७ साली, या मधुमेहाच्या संशोधनाला पैसा पुरवणाऱ्या जेडीआरएफ या संस्थेच्या आर्थिक पाठबळाने अमेरिकेत एनपॉड हे दान केलेल्या स्वादुपिंडांचं जाळं सुरू झालं. ते फ्लोरिडा विद्यापीठात, गेन्सव्हिलला आहे. मृत्यूनंतर अवयवदान केलेल्यांचं स्वादुपिंड, घरच्यांच्या संमतीने, तिथे येतं आणि मंजुरी मिळालेल्या संशोधकांना दिलं जातं.

अर्जाआधी एक प्रश्न स्वतःला विचारा: मला जिवंत ऊतकच का हवं? प्रथिनं किंवा जनुकं तपासायची असतील, तर गोठवलेलं किंवा पॅराफिन मेणात जपलेलं ऊतक पुरतं. चकत्यांची गोष्टच वेगळी. बर्फात आलेल्या स्वादुपिंडाचे तुकडे अगारोज या जेलीसारख्या पदार्थात बसवून थरथरत्या पात्याने जेमतेम १२० मायक्रॉन जाडीच्या चकत्या कापतात. त्यात इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी, रक्तवाहिन्या, पाचकरसाच्या पेशी, घुसलेल्या रोगप्रतिकारक पेशी, सगळ्या जागच्या जागी. कॅल्शियम दाखवणारा रंग भरून ग्लुकोज वाढवलं की सूक्ष्मदर्शकाखाली बीटा पेशी उजळताना दिसतात. बेटं म्हणजे बीटा पेशी असलेले पेशींचे पुंजके; विकर (एन्झाइम) वापरून ती सुटी केली की त्यांचा हा शेजार तुटतो. शिवाय टाइप १ मध्ये चांगली बेटं हाती लागणंच कठीण. तुमचा प्रश्न या शेजाराचा असेल, तर अर्जात तेच ठासून लिहा. नुसती बेटं चालणार असतील, तर अमेरिकेतल्या सिटी ऑफ होप या संस्थेतून चालणारा, संशोधकांना बेटं पुरवणारा आयआयडीपी कार्यक्रम बघा.

एनपॉडचा अर्ज ऑनलाइन. तो मुख्य संशोधकाच्या नावाने जातो, म्हणून पीएचडीच्या विद्यार्थ्यांनी गाईडशी आधी बोलून घ्यावं. प्रकल्पाचा आराखडा, संस्थेच्या नीतिसमितीचं पत्र आणि दोन संस्थांमधला ऊतक हस्तांतरण करार, ही मुख्य कागदपत्रं. कोणाला काय द्यायचं हे एनपॉडची ऊतक प्राधान्य समिती ठरवते. करारावर सही संस्थेची लागते, त्यामुळे विद्यापीठाच्या कार्यालयात लवकर खेटे घालायला लागा.

भारतातून परदेशी सहकार्याने काम करणार असाल, तर आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) मार्फत आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची मान्यताही बघावी लागते. चकत्या फार काळ तग धरत नाहीत. म्हणून माझं मत, पुण्या-मुंबईकडच्यांनी अमेरिकेतल्या एखाद्या प्रयोगशाळेला जोडून घ्यावं.

मंजुरीनंतरही तारीख मिळत नाही. योग्य दाता मिळेल तेव्हाच निरोप येतो, म्हणून रसायनं आणि माणसं तयार ठेवा. दात्याचं नाव कळत नाही. वय, स्वप्रतिपिंडं (शरीराच्याच पेशींविरुद्धची प्रतिपिंडं), सी-पेप्टाइड (शरीर स्वतः किती इन्सुलिन बनवतं याची खूण) अशी माहिती आणि एक क्रमांक मिळतो. निष्कर्ष एनपॉडला परत द्यायचे असतात. पेपर लिहिताना तो क्रमांक नोंदवा आणि दाते व त्यांच्या कुटुंबांचे आभार माना.