इनलाइन हॉकी आणि आइस हॉकी: बेळगावात शिकायचं तर फरक कुठे पडतो

पस्तिशी-चाळिशीत आइस हॉकी शिकावीशी वाटली, की बेळगावकराला पहिला सल्ला मिळतो तो इनलाइन हॉकीचा. सल्ला योग्यच आहे. पण ‘खेळ एकच, फक्त ब्लेडच्या जागी चाकं’ असंही सोबत सांगितलं जातं आणि तिथे घोळ होतो.

आधी तिसरा एक खेळ बाजूला काढू. पुढे दोन, मागे दोन अशा चार चाकांचे स्केट घालून चेंडूने खेळतात ती रोलर हॉकी. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये ती प्रदर्शनीय खेळ म्हणून होती. इनलाइनमध्ये चाकं एका रांगेत असतात आणि चेंडूऐवजी चपटी चकती, म्हणजे पक. आइस हॉकीला जवळची आहे ती ही.

नियमांतले फरक पटकन कळतात. बर्फावर गोलकीपर धरून सहा जण, चाकांवर पाच. बर्फावर निळ्या रेषा असतात. पकच्या आधी तुम्ही ती रेषा ओलांडून आत गेलात तर ऑफसाइड. इनलाइनच्या मैदानात त्या रेषाच नाहीत. बर्फावरचा पक कडक रबराचा, १५६ ते १७० ग्रॅमचा; इनलाइनचा प्लास्टिकचा आणि हलका.

खरा फरक पायाखाली आहे आणि तो थांबताना कळतो. बर्फाच्या स्केटचं ब्लेड जेमतेम तीन मिलिमीटर जाड. त्याच्या तळाला लांबीभर खोलगट पन्हळ घासून काढलेली असते, त्यामुळे एकाच ब्लेडला आतली आणि बाहेरची अशा दोन धारा मिळतात. थांबायचं तर गुडघे वाकवून दोन्ही पाय झटकन आडवे करायचे. धार बर्फाचा वरचा थर खरवडते, पांढरा भुगा उडतो आणि माणूस थांबतो. नवख्याने हेच चाकांवर केलं, तर चाक काँक्रीट खरवडत नाही, पकड घेतं. पाय जागीच अडकतो आणि अंग पुढे जातं. म्हणून चाकांवर आधी वेगळं शिकतात: पुढचा पाय सरळ, मागचा त्याच्या टाचेमागे आडवा, आणि त्याची चाकं हळूहळू घासत वेग मोडायचा. वजन पुढच्याच पायावर हवं. हॉकीच्या इनलाइन स्केटला टाचेशी रबरी ब्रेक नसतो, हे विकत घेण्याआधी माहीत असलेलं बरं.

बाकी बरंचसं मात्र चाकांवरून बर्फावर जसंच्या तसं जातं. वाकलेले गुडघे, बाजूला रेटा देत धावणं, उलटं स्केटिंग आणि मुख्य म्हणजे मान वर ठेवून पक चालवणं. इतकं जमलेला माणूस बर्फावर नवखा राहत नाही, असं माझं ठाम मत आहे.

बेळगावला साधी हॉकी घरचीच. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकलेल्या संघातले बंडू पाटील इथलेच. कॉलेजात मैदानी हॉकी खेळलेल्यांना दोन सवयी मोडाव्या लागतात. तिथे स्टिकच्या सपाट बाजूनेच मारता येतं. पकच्या हॉकीत दोन्ही बाजू चालतात आणि पाठीमागच्या बाजूने पास द्यायला शिकावंच लागतं. शिवाय इथे डाव्या-उजव्या वेगळ्या स्टिक मिळतात. मैदानी हॉकीत डावा हात वर असतो, त्यामुळे तुम्हाला उजवी स्टिक सोपी जाईल. बुटात उभं राहून ती साधारण नाकापर्यंत यावी.

चाकं निवडताना जागा बघा. गुळगुळीत बंदिस्त रिंकला (स्केटिंगच्या मैदानाला) मऊ, उघड्या काँक्रीटला कडक. ओल्या काँक्रीटवर चाक सरकतं, तेव्हा आपल्या पावसाळ्यात उघड्या रिंकवरचा सराव बंदच ठेवा. लाल मातीची धूळ बेअरिंगमध्ये बसते. चाक हाताने फिरवल्यावर खरखरलं, तर साफ केल्याशिवाय उतरू नका. हेल्मेट, तोंडावरची जाळी, हातमोजे, कोपर आणि नडगीची पॅड दोन्ही खेळांत लागतात. मोठ्या माणसाचं मनगट सावकाश जुळतं, त्यामुळे यात काटकसर नको.

बर्फासाठी मात्र लांब जावं लागतं. २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी डेहराडूनला बंदिस्त रिंक बांधली गेली. लेहला ऐन थंडीत गोठलेल्या पाण्यावर खेळ रंगतो. तिथे गेलात की पहिला दिवस स्टिक बाजूला ठेवून फक्त थांबण्याला द्या, आणि डावी-उजवी दोन्ही बाजू घोटून घ्या.