पार्श्वभूमी : दारूबंदी आणि ‘आडवी बाटली’

महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा आजही लागू आहे आणि कायद्याने पिणाऱ्याजवळ परवाना असावा लागतो. या कायद्याच्या आधी दारूवर कर घेऊन विक्री करू देणारी अबकारी व्यवस्था होती आणि कायद्यानंतरही बंदी सैलावत जाऊन परवानाधारक दुकाने सुरू राहिली. वर्धा जिल्ह्यात १९७० च्या दशकात आलेल्या बंदीमागे गांधीजींच्या वास्तव्याचा आदर होता. गडचिरोलीत १९९३ मध्ये बंदी आली ती मात्र गावोगावच्या आंदोलनामुळे.

उर्वरित महाराष्ट्रात दारूदुकाने बंद करण्याचा वाद राज्य सरकारच्या २००८ च्या आदेशाभोवती फिरत राहिला. गावातील किंवा प्रभागातील महिला मतदारांपैकी अथवा एकूण मतदारांपैकी २५ टक्के जणांनी सह्यांनिशी मागणी केली, तर मतदान घ्यायचे आणि ५० टक्क्यांहून अधिक मते ‘आडव्या बाटली’ला, म्हणजे दुकानबंदीच्या मतचिन्हाला पडली, तर दुकान बंद करायचे, अशी ही तरतूद. मात्र हे ५० टक्के झालेल्या मतदानाचे नसून यादीतील मतदारांचे होते. ऊसतोडीला गेलेली बाई, लग्न होऊन सासरी गेलेली पण नाव न वगळलेली मुलगी, इतकेच काय, यादीत राहून गेलेली मृत व्यक्ती, या सगळ्यांची अनुपस्थिती दुकानदाराच्या पारड्यात पडे. झालेल्या मतदानातील सर्वाधिक मतांनी आमदार निवडला जातो, पण तेवढ्याने दुकान हटत नाही, हा आंदोलक स्त्रियांचा आक्षेप बिनतोड होता. एखाद्याचा कायदेशीर व्यवसाय बंद करायचा, तर निकष कडक हवा, हा युक्तिवादही होताच. पण त्यात महसुलाची काळजी अधिक डोकावत असे.

मुळात या मतदानात स्त्रियांच्या मताला एवढे महत्त्व का, याचे उत्तर व्यसनांविषयीच्या २०१८ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात मिळते : १० ते ७५ वयोगटातील २७.३ टक्के पुरुष मद्य घेतात, स्त्रियांमध्ये हे प्रमाण १.६ टक्के आहे. देशभरात सुमारे १६ कोटी लोक पितात आणि त्यांपैकी २.९ कोटींना मद्याचे व्यसन जडलेले आहे. मारहाण, कर्ज आणि यकृताच्या आजाराचे ओझे वाहण्याची वेळ मात्र बहुतेकदा न पिणाऱ्या बाईवर येते.

चंद्रपूर जिल्ह्यात १ एप्रिल २०१५ रोजी लागू झालेली बंदी २०२१ मध्ये उठवण्यात आली. अवैध विक्री वाढली, त्या धंद्यात स्त्रिया व मुले ओढली गेली, महसूल बुडाला, ही कारणे एका समितीच्या अहवालाच्या आधारे देण्यात आली. ती खोटी नव्हती; तरीही बंदीच्या विरोधात मांडले जाणारे, बंदीमुळेच विषारी दारू येते हे गृहीतक अपुरे आहे, कारण जून २०१५ मध्ये मिथेनॉलमिश्रित दारूने शंभरहून अधिक बळी घेतले ते मुंबईतील मालवणीत, जिथे बंदी नव्हती. बंदी उठवण्यापूर्वी निवेदने मागवण्यात आली, मतदान मात्र घेतले गेले नाही. त्यानंतर गडचिरोलीतही बंदीच्या फेरविचाराची भाषा सुरू होताच शेकडो गावांनी ती कायम ठेवण्याचे ठराव केले.