सेझानचा शोके : हसं झालेलं एक चित्र

एप्रिल १८७७. पॅरिसमधल्या रू ल पलतिए या रस्त्यावर इम्प्रेशनिस्ट, म्हणजे क्षणाचा, बदलत्या प्रकाशाचा ठसा रंगवू पाहणाऱ्या चित्रकारांचं तिसरं प्रदर्शन भरलं होतं. तिथलं एका पुरुषाच्या चेहऱ्याचं चित्र पाहून लोक खो खो हसत होते. लांबुडका चेहरा, पांढुरकी दाढी, विस्कटलेले केस आणि रंगाचे जाडजाड थर. लुई लरुआ या टीकाकाराने तर लिहिलं, की गरोदर बाईला घेऊन आलात तर या चित्रासमोर फार थांबू नका, पोटातल्या बाळाला पीतज्वर व्हायचा! 'इम्प्रेशनिस्ट' हे नाव तीन वर्षांपूर्वी चेष्टेने रूढ केलं तेही याच लरुआने.

चित्र फ्रेंच चित्रकार पॉल सेझानचं, चेहरा चित्रसंग्राहक व्हिक्तॉर शोकेचा.

संग्राहक म्हटलं की गडगंज आसामी डोळ्यांपुढे येते. शोके कस्टम्स खात्यातला साधा नोकरदार. पगार बेताचा, पण नजर पक्की. अठराव्या शतकातलं फ्रेंच फर्निचर आणि आधीच्या पिढीतला फ्रेंच चित्रकार देलाक्रॉआ याची चित्रं, तीही कुणी विचारत नव्हतं तेव्हापासून, त्याने पोटाला चिमटा काढून जमवली होती.

मार्च १८७५ मध्ये ओतेल द्रुओ या लिलावघरात मोने, रेन्वा, सिस्ले आणि बर्थ मोरिसो या इम्प्रेशनिस्टांच्या चित्रांचा लिलाव झाला. आरडाओरडा इतका, की पोलीस बोलवावे लागले. त्या गोंधळात शोकेला रेन्वाची चित्रं आवडली आणि त्याने बायकोचं व्यक्तिचित्र रेन्वाकडे सोपवलं. पुढे रेन्वानेच त्याला रंगविक्रेत्या तांगीच्या दुकानात नेऊन सेझानची चित्रं दाखवली. शोकेने एक छोटं चित्र घेतलं खरं, पण घरी बायको काय म्हणेल याची धास्ती! मग शोके आणि रेन्वा दोघांनी मिळून बनाव रचला : चित्र रेन्वाने नुसतं दाखवायला आणलं होतं, जाताना विसरून गेला. नवऱ्यांची ही युक्ती कुठल्याही देशात ओळखू येईल.

सेझान आणि शोके यांची दोस्ती जुळली ती देलाक्रॉआमुळे. दोघांचंही ते दैवत. १८७७ च्या प्रदर्शनात शोके रोज हजर असे आणि हसणाऱ्यांना गाठून एकेक चित्र समजावत बसे. भिंतीवर ज्याची टवाळी चालली होती तो चेहरा स्वतःच समोर उभा राहून वाद घालत होता, हे किती जणांच्या लक्षात आलं असेल?

शोके १८९१ मध्ये गेला. बायकोच्या मृत्यूनंतर १८९९ मध्ये संग्रहाचा लिलाव झाला, त्यात एकट्या सेझानची तीसहून अधिक चित्रं निघाली. सेझानने त्याला खुर्चीत, बोटांत बोटं गुंतवून बसवलेलं आणखी एक चित्र आज अमेरिकेत, ओहायोतल्या कोलंबसच्या संग्रहालयात आहे.