दुर्गम आरोग्य केंद्रासाठी परदेशी औषधांची मदत कशी मागावी? पात्रता, कागदपत्रे आणि अर्जाची पद्धत

वस्तीवरच्या आरोग्य केंद्रातली जलसंजीवनीची पाकिटे संपली, अमॉक्सिसिलिनच्या गोळ्या संपल्या, सरकारी पुरवठा कधी येईल याचा भरवसा नाही आणि परदेशातली एखादी संस्था औषधे द्यायला तयार आहे. अशा वेळी अर्ज कोणी करायचा, यादी कशी काढायची आणि सोबत कोणते कागद लावायचे, हे इथे सांगितले आहे. कार्यालयांची नावे आणि अर्जाचे नमुने देशागणिक बदलतात. तत्त्वे मात्र बरीचशी सारखी असतात, कारण जागतिक आरोग्य संघटनेने औषधदानासाठी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली आहेत. ती १९९६ मध्ये प्रथम निघाली आणि पुढे १९९९ व २०१० मध्ये सुधारली गेली.

ही तत्त्वे कटू अनुभवातून आली आहेत. डिसेंबर १९८८ च्या भूकंपानंतर आर्मेनियात सुमारे ५,००० टन औषधे आणि वैद्यकीय साहित्य येऊन पडले. नेमके काय आले आहे याचा अंदाज यायला ५० माणसांना सहा महिने लागले. १९९२ ते १९९६ दरम्यान बोस्नियात आलेल्या औषधांपैकी निम्मी किंवा त्याहून जास्त निरुपयोगी होती, असे नंतरच्या पाहणीत दिसले. म्हणून आता पहिला नियम असा आहे की घेणाऱ्याने आधी मागायचे आणि मग देणाऱ्याने पाठवायचे. तुम्ही न मागितलेले औषध नाकारण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. उपकाराच्या ओझ्याखाली हा अधिकार सोडू नका.

अर्ज कोण करू शकतो?

सरकारी आरोग्य केंद्र, नोंदणीकृत सेवाभावी संस्था किंवा धर्मादाय रुग्णालय अर्ज करू शकते. एकट्या व्यक्तीच्या नावावर औषधांचा मोठा साठा आयात करायला सहसा परवानगी मिळत नाही, आणि ते योग्यच आहे. संस्थेकडे औषधांची जबाबदारी घेणारा पात्र माणूस हवा. बहुतेक ठिकाणी तो परवानाधारक औषधनिर्माता किंवा डॉक्टर असावा लागतो. वस्तीवर असा कोणी नसेल तर जिल्हा पातळीवरच्या केंद्राला अर्जदार करा आणि आपल्या केंद्राचे नाव वाटपाच्या आराखड्यात घाला. कोरडी, सावलीची, कुलूपबंद साठवणीची जागाही दाखवावी लागते.

यादी: अर्जाचा गाभा

अर्ज करताना सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. मागितलेले प्रत्येक औषध तुमच्या देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत किंवा प्रमाणित उपचारपद्धतीत असायला हवे. जागतिक आरोग्य संघटनेने अशी पहिली नमुना यादी १९७७ मध्ये काढली. साधारण दर दोन वर्षांनी ती सुधारली जाते आणि देश आपापल्या याद्या तिच्या आधाराने करतात. औषध कंपनीच्या नावाने मागू नका, मूळ नावाने मागा. त्यासोबत औषधाचे रूप आणि मात्राही लिहा. नुसते ‘अमॉक्सिसिलिन’ लिहिले तर प्रौढांच्या कॅप्सूल येतील. लहान मुलांच्या न्यूमोनियासाठी हवी असते ती २५० मिलिग्रॅमची, पाण्यात विरघळणारी गोळी.

प्रमाण काढताना एक चूक फार होते. समजा, सहा महिन्यांत जलसंजीवनीची ६०० पाकिटे वाटली गेली. सरळ भागाकार केला तर महिन्याला १०० येतात. पण त्या सहापैकी दोन महिने साठाच नव्हता! म्हणजे ६०० पाकिटे चार महिन्यांत गेली आणि खरी गरज महिन्याला १५० ची आहे. सहा महिन्यांसाठी ९०० आणि राखीव म्हणून आणखी एका महिन्याची १५०, अशी १,०५० पाकिटे मागायची. जुना साठा माल येईपर्यंत उरणार असेल तर तेवढा वजा करा. औषध नसलेले दिवस हिशेबात धरले नाहीत तर केंद्र दर खेपेला कमी मागते आणि टंचाई तशीच पुढे चालू राहते. म्हणून साठा नोंदपत्रकाची छायाप्रत अर्जाला जोडा. तुमच्या आकड्याला तिच्याइतका भक्कम आधार दुसरा नाही.

जलसंजीवनीसोबत झिंकच्या गोळ्या विसरू नका. जुलाब झालेल्या मुलाला त्या १० ते १४ दिवस द्यायच्या असतात. सहा महिन्यांखालच्या बाळाला रोज १० मिलिग्रॅम, त्यावरच्या मुलाला २०. आणि शीतपेटीची सोय नसेल तर ऑक्सिटोसिन, म्हणजे बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावावरचे इंजेक्शन, मागण्याआधी दहादा विचार करा. ते २ ते ८ अंश सेल्सियसमध्येच ठेवावे लागते. त्याऐवजी साध्या तापमानात टिकणारे मिसोप्रोस्टॉल तुमच्या देशाच्या यादीत आहे का, ते पाहा.

आपत्ती आली असेल आणि हिशेबाला वेळच नसेल, तर तयार आपत्कालीन औषधसंच मागता येतो. एक पूर्ण संच १०,००० लोकांना सुमारे तीन महिने पुरेल अशा बेताने बांधलेला असतो. मात्र नेहमीच्या पुरवठ्याची जागा त्याने भरून काढू नये. आपत्ती सरल्यावरही संचच येत राहिले, तर काही औषधे पडून राहतात आणि काही आठवड्यात संपतात.

कोणते कागद लागतात?

तुमच्याकडून:
- मागणीपत्र, औषधांची यादी आणि साठा नोंदपत्रक
- संस्थेचे नोंदणी प्रमाणपत्र आणि जबाबदार औषधनिर्मात्याच्या परवान्याची प्रत
- कुठल्या केंद्राला किती, कोणत्या वाहनाने, हे सांगणारा वाटपाचा आराखडा
- आरोग्य खात्याचे ना हरकत पत्र, औषध नियामकाचा (औषधांवर देखरेख करणाऱ्या सरकारी यंत्रणेचा) आयात परवाना आणि सीमाशुल्क माफीसाठी अर्ज

देणाऱ्याकडून दानपत्र, मूल्य लिहिलेले बीजक, तपशीलवार पॅकिंग यादी, वाहतुकीचे कागद आणि प्रत्येक बॅचचे तपासणी प्रमाणपत्र येते. नियामकाने मागितल्यास औषध उत्पादन प्रमाणपत्रही (औषधाला पाठवणाऱ्या देशात मान्यता असल्याचे तिथल्या नियामकाचे पत्र) लागते. ‘मोफत आहे’ म्हणून बीजकावर शून्य किंमत लिहून चालत नाही. घाऊक बाजारभावाने मूल्य दाखवावे लागते.

मॉर्फिनसारखी औषधे वेगळ्या अर्जात टाका. अमली पदार्थांविषयीच्या १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार त्यांना तुमच्या देशाची आयात परवानगी आधी आणि पाठवणाऱ्या देशाची निर्यात परवानगी नंतर, अशा दोन परवानग्या लागतात. डायझेपाम, फिनोबार्बिटाल ही झटक्यांवरची औषधे मनावर परिणाम करणाऱ्या औषधांविषयीच्या १९७१ च्या करारात येतात आणि त्यांच्याबाबतही अनेक देश परवाना मागतात. ही औषधे सर्वसाधारण यादीत मिसळली तर त्यांच्यापायी सगळी खेप अडकते.

होकार देण्यापूर्वी

देणाऱ्याने पाठवलेला पॅकिंगचा मसुदा ओळीओळीने तपासा. औषध देशात पोहोचेल तेव्हा निदान एक वर्षाची मुदत शिल्लक हवी. मुदत त्याहून कमी असेल तर जबाबदार माणसाने ती मान्य केल्याचे आणि तेवढ्या काळात साठा खरोखर वापरला जाईल असे लेखी हवे. रुग्णांकडून परत आलेली औषधे घ्यायची नाहीत. लेबल केंद्रातल्या कर्मचाऱ्याला समजेल अशा भाषेत हवे आणि त्यावर मूळ नाव, मात्रा, बॅच क्रमांक, मुदत आणि साठवणीची सूचना असावी. औषधांच्या खोक्यात कपडे किंवा दुसरे सामान नको.

वाहतूक, गोदाम, सीमाशुल्क यांचा खर्च, वेगळे ठरले नसेल तर, देणाऱ्याने करायचा असतो. बंदरापासून वस्तीपर्यंतच्या शेवटच्या टप्प्याचा खर्चही मागणीपत्रातच लिहा. खेचर असो की होडी, त्याचे भाडे लागतेच आणि ते कुणी द्यायचे हे ठरले नसेल तर औषधे जिल्ह्याच्या गोदामात पडून राहतात.

माल आल्यावर खोकी मोजून पॅकिंग यादीशी ताडा आणि फुटलेल्या, भिजलेल्या मालाची नोंद दोन साक्षीदारांच्या सहीने करा. ज्याची मुदत आधी संपते ते पुढे मांडा. पोच आणि पहिल्या तीन महिन्यांच्या वापराचा तक्ता देणाऱ्याला पाठवा. मुदत संपलेले औषध नदीत किंवा उघड्यावर टाकू नका. नियामकाला कळवून त्यांच्या पद्धतीने नष्ट करा आणि तो आकडा साठा नोंदपत्रकात लिहा. पुढच्या खेपेची मागणी काढताना तो लागेल.