रक्तगट व रक्ताची अनुरूपता

एकाचे रक्त दुसऱ्याला चालेल की नाही, हे दात्याच्या तांबड्या पेशींवरील प्रतिजन (गट ठरवणारे ए, बी यांसारखे रेणू) आणि रुग्णाच्या रक्तद्रवातील प्रतिपिंडे (परक्या प्रतिजनांवर हल्ला करणारी प्रथिने) यांच्या मेळावर ठरते. कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ मध्ये व्हिएन्ना येथे ए, बी आणि आज ओ म्हणून ओळखला जाणारा गट वेगळे करून दाखवले. पुढच्याच वर्षी एबी गट आढळला. ए गटाच्या व्यक्तीच्या रक्तद्रवात बी-विरोधी, बी गटाच्या व्यक्तीच्या रक्तद्रवात ए-विरोधी प्रतिपिंडे असतात. ओ गटात दोन्ही असतात, एबी गटात एकही नसते. न जुळणारे रक्त चढवल्यास ही प्रतिपिंडे आलेल्या पेशी रक्तवाहिन्यांतच फोडतात आणि मूत्रपिंडे निकामी होऊन रुग्ण दगावू शकतो. ओ निगेटिव्ह (आरएच गटातला डी हा प्रतिजन नसलेल्या ओ) गटाला सर्वदाता म्हणतात, ते केवळ तांबड्या पेशींपुरते खरे आहे. रक्तद्रव देताना हा क्रम उलटतो आणि एबी गटाचा रक्तद्रव सर्वांना चालतो.

आरएच निगेटिव्ह मातेच्या पोटी आरएच पॉझिटिव्ह मूल जन्मल्यास तिला ७२ तासांच्या आत अँटी-डी इंजेक्शन द्यावे लागते, अन्यथा पुढच्या गर्भाला धोका संभवतो.

चाचणीत पांढऱ्या फरशीवर रक्ताच्या थेंबाशेजारी निळसर अँटी-ए, पिवळसर अँटी-बी आणि रंगहीन अँटी-डी द्रव ठेवून काडीने ढवळतात. जेथे पेशींचे पुंजके दिसतात, तो प्रतिजन रक्तात असतो. एवढ्यावर थांबणे मात्र धोक्याचे आहे. मुंबईत डॉ. य. म. भेंडे व सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये वर्णिलेल्या 'बॉम्बे' गटाचे रक्त या चाचणीत ओ सारखेच दिसते. पण त्यात एच-विरोधी प्रतिपिंडे (एच हा ओ गटाच्या पेशींवरही असणारा प्रतिजन) असल्यामुळे ओ गटाचे रक्तही त्या रुग्णाला घातक ठरते. हा गट रक्तद्रवाच्या उलट तपासणीत, म्हणजे रुग्णाचा रक्तद्रव ओ गटाच्या पेशींशी मिसळून पाहिल्यावर, उघड होतो, आणि म्हणूनच कार्डावर गट लिहिलेला असला तरी प्रत्येक वेळी क्रॉसमॅच (दात्याचे व रुग्णाचे रक्त प्रत्यक्ष मिसळून पाहण्याची चाचणी) करावीच लागते.

गोव्यात बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयातील रक्तपेढीवर सत्तरी, पेडणे, डिचोलीप्रमाणेच शेजारच्या सिंधुदुर्गातून आलेल्या रुग्णांचाही भार असतो. 'घरचेच रक्त घ्या' हा नातेवाइकांचा आग्रह मायेपोटी असला, तरी वैद्यकीयदृष्ट्या तो योग्य नव्हे: सख्ख्या नात्यातील दात्याच्या श्वेतपेशी रुग्णाच्या शरीरावर हल्ला करण्याची शक्यता अधिक असते आणि असे रक्त आधी किरणित करावे (किरणोत्सर्गाने त्यातील श्वेतपेशी निष्प्रभ कराव्या) लागते. गरज असते ती रक्तपेढीत आधीच जमा असलेल्या रक्ताची. दात्याचे वय १८ ते ६५ असावे, हिमोग्लोबिन दर १०० मिलिलिटर रक्तात किमान १२.५ ग्रॅम असावे; पुरुषांना ९० आणि स्त्रियांना १२० दिवसांनी पुन्हा रक्त देता येते.

प्राणघातक गटविसंगतीच्या मुळाशी बहुतेकदा चुकीचे लेबल किंवा नावातील गोंधळ असतो. एकाच वॉर्डात दोन गावकर किंवा दोन नाईक असणे गोव्यात नित्याचेच; त्यामुळे नमुना घेताना खाटेजवळच बाटलीवर नाव व नोंदणी क्रमांक लिहिणे, आणि पिशवी लावण्यापूर्वी दोघांनी तो पडताळणे हा सर्वांत महत्त्वाचा उपाय आहे. पहिली १५ मिनिटे परिचारिकेने रुग्णाजवळ थांबावे. थंडी, ताप, कंबरदुखी किंवा लालसर लघवी दिसताच रक्त बंद करून सलाइन चालू ठेवतात आणि तीच पिशवी, रुग्णाच्या ताज्या नमुन्यासह, फेरतपासणीसाठी रक्तपेढीकडे परत पाठवतात.